गडचिरोलीत फौज का उतरवली नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "गडचिरोलीतला नक्षलवाद आटोक्यात यायला चाळीसहून जास्त वर्षं लागली. काश्मीर आणि ईशान्येत लष्कर आहे, मग इथे का नव्हतं? कामठीला छावणी, नागपुरात हवाई दलाचं एवढं मोठं केंद्र, आणि पावणेदोनशे किलोमीटरवर आपले पोलीस शहीद होत होते. फौज उतरवली असती तर दोन-तीन वर्षांत विषय संपला नसता का? देशांतर्गत संघर्षात सैन्याचं नेमकं काम काय? आणि आता शेवटच्या टप्प्यात तरी पॅरा कमांडो पाठवावेत का?" विचारणारे मूळचे वडशाचे आहेत आणि नागपुरात स्पर्धा परीक्षांची तयारी करतात.

मी पायदळात होतो. आधी मणिपूर-नागालँड आणि नंतर राष्ट्रीय रायफल्समधून काश्मीर, अशी बरीचशी नोकरी अंतर्गत सुरक्षेच्याच कामात गेली. निवृत्तीनंतर नागपूरला स्थायिक आहे. थेट उत्तर आधी देतो. गडचिरोलीत फौज न उतरवण्याचा निर्णय बरोबर होता. सैन्याला ते काम जमलं नसतं, असं मी म्हणत नाही. दोन-तीन वर्षांत गोळीबार कमी झालाही असता. पण त्यानंतर फौजेला तिथून निघता आलं नसतं, आणि ज्या पोलीस दलाने अखेर हे काम केलं ते दल उभंच राहिलं नसतं.

आता सविस्तर. दोन गोष्टी आधी वेगळ्या करू, कारण बातम्यांमध्ये त्यांची कायम सरमिसळ होते. दंगल हाताबाहेर गेली म्हणून काही तासांसाठी किंवा दिवसांसाठी लष्कर बोलावणं ही एक गोष्ट. सशस्त्र बंडखोरीविरुद्ध वर्षानुवर्षं लष्कर तैनात ठेवणं ही दुसरी. कायदा वेगळा, हुकूम देणारा वेगळा, आणि बंदूक हातात घेऊन उभ्या असलेल्या जवानाच्या मनाची तयारीही वेगळी.

पहिली गोष्ट तुलनेने सोपी आहे. सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांकडे आहेत. केंद्राची सशस्त्र दलं राज्यात तैनात करण्याचा अधिकार मात्र केंद्राच्या सूचीत, नोंद २-अ मध्ये आहे. ही नोंद १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने आली. अंतर्गत अशांततेपासून राज्याचं रक्षण करणं हे केंद्राचं कर्तव्य आहे, असं अनुच्छेद ३५५ सांगतो. परीक्षेसाठी एवढं पुरे. प्रत्यक्षात शहर पेटतं तेव्हा जिल्हादंडाधिकारी जवळच्या छावणीकडे मागणी करतो आणि तिथला कमांडर कॉलम, म्हणजे सैन्याची तुकडी, पाठवतो. यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमं १४८ ते १५१ वाचा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हीच १२९ ते १३२ होती. जमाव पांगवायचा की नाही, हे दंडाधिकारी ठरवतो. कसा पांगवायचा आणि किती बळ वापरायचं, हे लष्करी अधिकारी ठरवतो. जीवितहानी आणि नुकसान कमीत कमी व्हावं, असं बंधन कायद्यानेच घातलं आहे. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल आणि लोकांच्या सुरक्षिततेला उघड धोका असेल, तरच अधिकारी स्वतःहून पाऊल उचलू शकतो. संपर्क झाला की पुन्हा दंडाधिकाऱ्याचाच शब्द चालतो.

या कामाची आम्हाला जी शिकवण मिळते ती बाहेर फारशी माहीत नसते. कॉलमसोबत दंडाधिकारी आणि पोलीस असतात, स्थानिक भाषेत इशारा लिहिलेला फलक असतो, भोंगा असतो. इशारा देतात, मग थांबतात, वेळ देतात. गोळी झाडायचीच वेळ आली तर नाव घेऊन एकेका जवानाला हुकूम दिला जातो आणि नेम खाली धरला जातो. हवेत गोळीबार करायला सैन्यात मनाई आहे, कारण हवेत झाडलेली गोळी मागे कुठेतरी खिडकीत उभ्या असलेल्या, काहीही न केलेल्या माणसाला लागते. झाडलेल्या प्रत्येक गोळीचा हिशेब ठेवला जातो. गरज, किमान बळ, निःपक्षपातीपणा आणि सद्हेतू ही चार तत्त्वं अधिकाऱ्याच्या डोक्यात भिनेपर्यंत घोकून घेतली जातात. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईत पोलिसांमध्येच असंतोष उफाळला तेव्हा लष्कर आलं होतं. १९९२-९३ च्या दंगलींतही आलं. फ्लॅग मार्च पाहून रस्ते शांत होतात यामागचं कारण साधं आहे. या गणवेशाचं गल्लीतल्या कोणत्याही गटाशी देणंघेणं नाही, हे लोकांना ठाऊक असतं. तो विश्वास टिकतो तो फौज क्वचित येते म्हणून. १७ मार्च २०२५ ला आपल्या महाल-हंसापुरी भागात हिंसाचार झाला, संचारबंदी लागली. कामठी तासाभराच्या आत आहे, तरीही लष्कर बोलावलं गेलं नाही. पोलीस आणि राज्य राखीव दलानेच ते हाताळलं, आणि तसंच व्हायला हवं होतं.

दुसरी गोष्ट, म्हणजे बंडखोरी, हीच तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे.

इथे कायद्याची मुळं थेट आपल्या विदर्भाच्या आठवणीपर्यंत पोचतात. १५ ऑगस्ट १९४२ ला ब्रिटिश सरकारने सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा वटहुकूम काढला, 'छोडो भारत' चिरडण्यासाठी. दुसऱ्याच दिवशी चिमूरला उठाव झाला. त्यानंतर गावात शिरलेल्या फौजेने काय केलं, बायकांवर कसे अत्याचार झाले, हे चिमूरच्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं आहे. त्याची चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळींनी प्राण पणाला लावून दीर्घ उपोषण केलं. त्या वटहुकुमाच्या धर्तीवर स्वतंत्र भारताने १९५८ मध्ये नागा टेकड्यांसाठी कायदा केला. तोच सशस्त्र दल विशेषाधिकार कायदा, म्हणजे अफस्पा. १९८३ मध्ये पंजाब-चंदीगडसाठी आणि १९९० मध्ये जम्मू-काश्मीरसाठी असेच वेगळे कायदे झाले.

अफस्पात आहे काय? कलम ३ प्रमाणे एखादा भाग 'अशांत' जाहीर करावा लागतो. कलम ४ नुसार अधिकाऱ्याला, हवालदारालासुद्धा, इशारा देऊन गोळीबार करण्याचा, वॉरंटशिवाय अटक करण्याचा आणि झडती घेण्याचा अधिकार मिळतो. कलम ५ सांगतं की पकडलेला माणूस शक्य तितक्या लवकर जवळच्या पोलीस ठाण्याच्या ताब्यात द्यायचा. कलम ६ नुसार केंद्राच्या परवानगीशिवाय जवानावर खटला चालत नाही. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा कायदा वैध ठरवला, पण 'अशांत' जाहीर केलेल्या भागाचा दर सहा महिन्यांनी आढावा घ्यायला सांगितलं आणि लष्कराची 'हे करा, हे करू नका' ही यादी बंधनकारक केली. २०१६ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केलं की अफस्पा लागू आहे म्हणून कोणालाही सरसकट माफी मिळत नाही.

गडचिरोलीच्या बाबतीत इथेच पहिली अडचण येते आणि ती फार थोड्यांच्या लक्षात असते. १९५८ चा कायदा ईशान्येच्या राज्यांपुरता आहे, त्यामुळे महाराष्ट्रातला जिल्हा त्याखाली 'अशांत' जाहीर करता येत नाही. त्यासाठी संसदेत नवा कायदा आणावा लागला असता. आणि अशा कायद्याशिवाय फौजेला जंगलात पाठवणं म्हणजे एकेका चकमकीनंतर कंपनी कमांडरला वकील शोधायला लावणं. माझ्या हाताखालच्या मुलांना मी तसं कधीच पाठवलं नसतं.

अफस्पाबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही, दोन्ही बाजूंच्या. सरकार फौजेला हुकूम देऊन बंडखोरांच्या मुलखात पाठवणार असेल तर जवानाला कायद्याचं संरक्षण लागतंच. ज्याला वाटतं की लागत नाही, त्याने रात्री दोन वाजता अनोळखी गावातल्या घराचं दार ठोठावून पाहावं. पण ४ डिसेंबर २०२१ ला नागालँडच्या मोन जिल्ह्यात ओटिंगला काय घडलं तेही पाहा. कोळशाच्या खाणीतून घरी परतणाऱ्या मजुरांच्या गाडीवर दबा धरून बसलेल्या आपल्या तुकडीने गोळीबार केला. सहा मजूर गेले. त्यानंतर उसळलेल्या संघर्षात आणखी गावकरी गेले, एक जवानही गेला. राज्याच्या पोलिसांनी तपास करून ३० जणांवर आरोपपत्र ठेवलं, केंद्राने खटल्याला परवानगी नाकारली. परवानगीचं कलम असावं, पण निर्णय ठरावीक मुदतीत आणि लेखी कारणांसह व्हावा, आणि तो न्यायालयात तपासला जावा, असं मी आज गणवेशातल्या मुलांसमोरही म्हणतो. चूक झाकली गेली की पुढच्या वीस वर्षांत त्या खोऱ्यात जाणारी प्रत्येक तुकडी तिची किंमत मोजते. न्यायमूर्ती जीवन रेड्डी समितीने २००५ मध्येच हा कायदा रद्द करून दुसरी व्यवस्था सुचवली होती. तेवढं पुढे जायला मी तयार नाही, पण ते वाचून बाजूला ठेवण्यासारखं नव्हतं. ओटिंगनंतर, एप्रिल २०२२ पासून ईशान्येच्या बऱ्याच भागातून अफस्पा मागे घेतला गेला, हे चांगलंच झालं. त्रिपुरातून तो २०१५ मध्ये आणि मेघालयातून २०१८ मध्ये गेला होता.

आता तुमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. नक्षलवाद्यांविरुद्ध फौज कधी वापरलीच नाही, हा समज चुकीचा आहे. एकदा नक्षलवाद्यांच्या आधीच्या सशस्त्र कम्युनिस्टांविरुद्ध आणि एकदा खुद्द नक्षलवाद्यांविरुद्ध, अशी दोनदा वापरली आहे.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाविरुद्धची कारवाई झाली. मराठवाड्यातले लोक तिला आजही 'पोलीस अ‍ॅक्शन' म्हणतात, पण काम मेजर जनरल जयंतनाथ चौधुरींच्या फौजेचं होतं. ती पाच दिवसांत संपली. नंतर फौज तेलंगणातल्या सशस्त्र कम्युनिस्ट लढ्याविरुद्ध वळली. १९५१ मध्ये तो लढा मागे घेतला गेला. बंदुका थंडावल्या, जमिनीचा प्रश्न राहिला. दुसऱ्यांदा १९७१ मध्ये, जुलै ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत, पश्चिम बंगाल आणि लगतच्या बिहार-ओरिसाच्या पट्ट्यात 'स्टीपलचेस' मोहीम झाली. बाहेरचा घेरा लष्कराचा, मधला केंद्रीय राखीव पोलीस दलाचा, आणि आत शिरून झडती घेणारे स्थानिक पोलीस. पहिली नक्षल चळवळ त्या वर्ष-दोन वर्षांत मोडली. मोहिमेचं लष्करी यश खरं आहे. पण १९८० मध्ये आंध्रात कोंडापल्ली सीतारामय्यांनी पीपल्स वॉर ग्रुप उभा केला आणि त्याची पथकं प्राणहिता-गोदावरी ओलांडून सिरोंचा, अहेरी, भामरागडकडे आली. ज्या भागात फौज गेली होती तिथली चळवळ मोडली, आणि जिथे तलाठी-फौजदारसुद्धा धड पोचले नव्हते तिथे ती पुन्हा उगवली. गडचिरोली जिल्हाच मुळी २६ ऑगस्ट १९८२ ला झाला. तोवर तो चांद्याचा मागचा, विसरलेला भाग होता.

जिल्ह्याचा आकार नकाशावर पाहा. १४,४१२ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ काश्मीर खोऱ्याएवढा. तीन चतुर्थांशाहून जास्त जंगल. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत. दक्षिण-पूर्वेला इंद्रावती, आणि पलीकडे छत्तीसगडमधलं अबुझमाडचं जंगल. एवढ्या मुलखात लष्कर बसवायचं तर कंपनी-कंपनीच्या चौक्यांचं जाळं लागतं, एकेक रस्ता रोज सकाळी सुरुंग तपासून उघडावा लागतो, आणि या कामात जितकी माणसं खपतात त्यातली फार थोडी प्रत्यक्ष मोहिमेला उरतात. राष्ट्रीय रायफल्स १९९० मध्ये याचसाठी उभ्या केल्या: सीमेवरच्या पायदळाला सतत आत ओढायला नको, म्हणून फक्त या कामाचं दल. कल्पना उत्तम होती. पण तिच्यातले जवान आणि अधिकारी येतात ते नियमित सैन्यातूनच, दोन-अडीच वर्षांसाठी. २०२० मध्ये चीनशी तणाव वाढला तेव्हा राष्ट्रीय रायफल्सचीच 'युनिफॉर्म फोर्स' जम्मू विभागातून पूर्व लडाखला हलवावी लागली. पुढच्या काही वर्षांत जम्मू विभागात हल्ले पुन्हा वाढले. फौजेवर विसंबलेल्या जिल्ह्याचं हे असं होतं: सीमेवर गरज पडली की त्याचं संरक्षण उचललं जातं.

दोन-अडीच वर्षांची नेमणूक, यावर जरा थांबतो, कारण माझ्या मते सगळं इथेच अडतं. काश्मीरमध्ये माझी कंपनी ज्या गावांत होती तिथे कोणाचा मुलगा घर सोडून गेलाय, कोणाच्या लग्नाला अनोळखी पाहुणे आले, कोणत्या दुकानातून अचानक जास्त तांदूळ उचलला जातो, हे कळायला पहिलं वर्ष जातं. भाषा दुभाष्याकडून. दुसऱ्या वर्षी लोक बोलायला लागतात, आणि तेवढ्यात बदलीचा हुकूम येतो. मागे उरते ती एक वही, नवा अधिकारी ती वाचतो आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात करतो. गावकऱ्यांना हे पाठ असतं. शिवाय आमच्याकडे ठाणं नसतं. आम्ही माणूस पकडतो आणि पोलिसांच्या स्वाधीन करतो. गुन्हा नोंदवणं, पंचनामा, साक्षीदार, आरोपपत्र, हे सगळं त्यांच्याच हातात. ते ठाणं कच्चं असेल तर पकडलेला माणूस काही महिन्यांत गावात परत, आणि ज्याने आम्हाला खबर दिली तो गाव सोडून गेलेला. फौज जितकी जास्त काळ राहते तितकं ठाणं आणखी कच्चं होत जातं, कारण सगळे जण, सरपंचापासून आमदारापर्यंत, प्रत्येक गोष्टीसाठी मेजरसाहेबांकडे येऊ लागतात.

गडचिरोलीने उलटा रस्ता धरला. १९९० मध्ये तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी साठ जणांचं पथक उभं केलं. तेच सी-६०. त्याआधी एक वर्ष आंध्रात के. एस. व्यासांनी ग्रेहाउंड्स हे नक्षलविरोधी पोलीस पथक सुरू केलं होतं. सी-६० चं वेगळेपण असं की त्यातली मुलं याच जिल्ह्यातली, बरीचशी आदिवासी, माडिया-गोंडी बोलणारी. जंगलातली पायवाट त्यांना नकाशावर शोधावी लागत नाही. चकमकीहून परतताना हेच जवान गावकऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलू शकतात, दाखला अडला आहे का, रेशन मिळतं का, विचारू शकतात. कितीही चांगला असला तरी माझा गढवाली किंवा मराठा पलटणीतला जवान हे करू शकला नसता.

हे दल लगेच यशस्वी झालं असं मात्र समजू नका. २००९ हे वर्ष आठवलं की आजही पोटात तुटतं. फेब्रुवारीत मरकेगावला १५ पोलीस गेले, मे महिन्यात हत्तीगोट्याला १६, ऑक्टोबरमध्ये लाहेरीला १७. त्या वेळी नागपुरातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर हाच प्रश्न होता जो तुम्ही विचारला आहे. एप्रिल २०१० मध्ये छत्तीसगडच्या ताडमेटल्यात ७६ जवान एका सकाळी गेले आणि दिल्लीतही लष्कर उतरवायची चर्चा पेटली. सरकारने आणि लष्करी नेतृत्वाने ती पाऊलवाट धरली नाही. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याला खासगी गाडीतून निघालेले १५ पोलीस आणि चालक सुरुंगात गेले तेव्हा पुन्हा तेच. माझं म्हणणं आहे की या प्रत्येक घटनेत कमी पडली ती शिस्त, रस्त्यावरची सावधगिरी आणि खबर. फौजेची गाडीसुद्धा त्या सुरुंगावरून गेली असती तर वाचली नसती.

आणि सैन्य काहीच करत नव्हतं असंही नाही. त्याचा वाटा पडद्यामागे होता, आणि माझ्या मते देशांतर्गत संघर्षात सैन्याने हाच वाटा आधी उचलावा. मिझोरमच्या वैरेंगटेला लष्कराची बंडखोरीविरोधी युद्धशाळा आहे. तिथे पोलीस दलांनाही शिकवलं जातं. तिथले प्रमुख राहिलेले ब्रिगेडियर बी. के. पोनवार यांनी निवृत्तीनंतर छत्तीसगड पोलिसांसाठी कांकेरला जंगलयुद्धाचं महाविद्यालय उभं केलं, आणि सी-६० ची मुलंही तिथे शिकून आली. आपल्याकडे सुराबर्डीला पोलिसांचं स्वतःचं प्रशिक्षण केंद्र आहे. हवाई दलाची एमआय-१७ हेलिकॉप्टरं नक्षलग्रस्त पट्ट्यात जवान पोचवत होती, जखमींना उचलत होती. त्यांना गोळीबाराची मुभा फक्त स्वसंरक्षणापुरती होती. ही मर्यादा अनेकांना भित्रेपणा वाटते. त्यांनी मिझोरमच्या राजधानीत, ऐजॉलला जाऊन विचारावं. मार्च १९६६ मध्ये मिझो बंडखोरांविरुद्ध आपल्याच शहरावर हवाई हल्ले झाले, पुढच्या वर्षीपासून गावं उठवून रस्त्याकडेच्या छावण्यांत बसवली गेली. शांतता आली ती वीस वर्षांनी, ३० जून १९८६ च्या करारावर सह्या झाल्या तेव्हा. मिझो लोक त्या करारामुळे आजही शांततेत राहतात, आणि ती विमानं आजही विसरलेले नाहीत.

देशात आतल्या आत फौज वापरल्याची काय किंमत मोजावी लागते याचं आपल्या मराठी माणसाच्या घरचं उदाहरण जनरल अरुणकुमार वैद्यांचं. ऑपरेशन ब्लू स्टार झालं तेव्हा ते लष्करप्रमुख होते. जून १९८४ च्या त्या कारवाईनंतर काही पलटणींमधल्या शीख जवानांनी बंड केलं. सैन्याच्या इतिहासातली ती फार खोल जखम आहे. वैद्य निवृत्त होऊन पुण्यात राहायला आले आणि १० ऑगस्ट १९८६ ला रस्त्यातच त्यांची हत्या झाली. हुकूम राजकीय नेतृत्वाचा होता. देवळात, गुरुद्वारात, स्वतःच्या लोकांवर फौज पाठवायची वेळ येईपर्यंत आधीची किती वर्षं पोलीस आणि राजकारण हातावर हात ठेवून बसलं होतं, हा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

मी जिथे नोकरी केली त्या मणिपूरचं अलीकडचं एक उदाहरण देतो. मे २०२३ मध्ये तिथे मैतेई आणि कुकी समाजात संघर्ष पेटला. इंफाळ खोऱ्यातल्या बऱ्याच ठाण्यांच्या हद्दीतून अफस्पा आधीच मागे घेतलेला, पोलिसांची हजारो शस्त्रं लुटली गेलेली, आणि खुद्द पोलीस दलाकडे लोक समाजाच्या चष्म्यातून पाहू लागलेले. २४ जूनला इथाम गावात लष्कराने एका बंडखोर संघटनेचे १२ जण पकडले. त्यांत २०१५ च्या डोग्रा पलटणीवरच्या हल्ल्यातला मुख्य संशयितही होता. महिलांच्या पुढाकाराने हजार-दीड हजारांच्या जमावाने तुकडीला घेरलं. कमांडरने पकडलेले सोडून दिले आणि शस्त्रं घेऊन तो बाहेर पडला. समाजमाध्यमांवर त्याला नाही नाही ते बोललं गेलं. माझ्या मते त्या दिवशी त्याने घेतलेला निर्णय सैन्यातल्या कोणत्याही शौर्यपदकाइतका मोलाचा आहे. गोळी झाडली असती तर पुढच्या पाच वर्षांत त्या खोऱ्यात एकही आई फौजेच्या चौकीजवळून गेली नसती. पण हेही खरं की ठाणी मोडली की फौजेला अशाच कोंडीत उभं राहावं लागतं.

गडचिरोलीत ठाणी मोडली नाहीत, ती पुढे सरकली. एप्रिल २०१८ मध्ये बोरिया-कसनासूर, नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोला, या मोठ्या चकमकी पोलिसांनीच केल्या. त्याबरोबर वांगेतुरी, गर्देवाडा, पेनगुंडा, नेलगुंडा, कवंडे अशा, छत्तीसगडच्या हद्दीला चिकटलेल्या ठिकाणी पोलीस मदत केंद्रं उभी राहिली. काही तर एका दिवसात. 'दादालोरा खिडकी'तून दाखले, योजना, नोकरीचे अर्ज असली कामं होऊ लागली. जानेवारी २०२५ मध्ये गर्देवाड्याला एसटी पोचली. गावोगावी नक्षलवाद्यांना गावबंदीचे ठराव झाले. २१ मे २०२५ ला अबुझमाडमध्ये माओवाद्यांचा सरचिटणीस बसवराजू मारला गेला, तोही छत्तीसगडच्या जिल्हा राखीव दलाच्या हातून, म्हणजे पुन्हा स्थानिक मुलांच्याच. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. इतक्या वरच्या माणसाने शस्त्र ठेवायला गडचिरोली पोलिसांची दारं निवडली. फौजेसमोर शरण येणं वेगळं असतं. तिथे पराभव असतो, पुढचं आयुष्य नसतं. पोलिसांसमोर शरण येताना पुनर्वसनाचा कागद, खटल्याची पुढची वाट आणि घर, हे तिन्ही समोर दिसतं.

आता पॅरा कमांडोंचा प्रश्न. नकोत. उरलेली पथकं लहान आहेत आणि ती जास्त करून खबरीवर सापडतात, ताकदीवर नाही. पुढची कामं वेगळी आहेत: जंगलात पुरलेले सुरुंग काढणं, जुन्या खटल्यांचे निकाल लावणं, शरण आलेल्यांना त्यांच्याच गावात सुरक्षित ठेवणं, वनहक्काचे पट्टे हातात देणं, सुरजागडच्या खाणीवरून गावकरी विरोध करतात तेव्हा त्यांना नक्षल समर्थक न ठरवता त्यांचं ऐकून घेणं. यातलं सुरुंगांचं काम सोडलं तर एकही काम सैनिकाला शिकवलेलं नाही.

मला एकच काळजी आहे, आणि तुम्ही उद्या प्रशासनात गेलात तर ती तुमचीही असेल. हिंसा कमी झाली की वित्त विभाग आधी चौक्यांवरची माणसं कमी करतो. कवंडे-नेलगुंड्यासारखी मदत केंद्रं तशीच बंद करू नयेत. त्यांची नियमित पोलीस ठाणी करावीत, तिथे माडिया समजणारा ठाणे अंमलदार असावा, आणि सी-६० मधल्या वय झालेल्या जवानांना शहरात बंदोबस्ताला पाठवण्याऐवजी तिथेच तपासाच्या कामाला लावावं. त्या मुलांना त्या भागातली माणसं नावानिशी माहीत आहेत.